ब्रेकचा लाल दिवा

भाद्रपद महिना होता. टोमॅटोचा हंगाम जोरात होता. सिन्नरकडच्या एका शेतकऱ्याच्या मुलाने आपल्या पिकअप गाडीत सत्तर क्रेट भरले. एका क्रेटात वीस किलो माल. म्हणजे चौदाशे किलो झाले. माल वाशीच्या बाजारात न्यायचा होता. पहाटेच्या आत पोचले तर भाव बरा मिळतो. उशीर झाला तर मिळेल तो भाव घ्यावा लागतो.

त्याची आई त्याच्याबरोबर निघाली होती. कल्याणला तिची लेक राहते. लेकीकडे चार दिवस राहून यावे, असा तिचा बेत होता.

रात्री आठ वाजता गाडी निघाली. सिन्नरहून घोटीला जाणारा रस्ता त्यांनी धरला. हा रस्ता चढउताराचा आहे. एका उताराला गाडी लागली आणि स्टिअरिंगच्या मागे एक लाल दिवा लागला. उतार संपला. दिवा विझला. पुढच्या उताराला पुन्हा लागला, पुन्हा विझला.

आईने ते पाहिले. ती यंदाच रात्रीच्या वर्गाला जाऊ लागली होती. दुकानाची पाटी, एसटीची पाटी, दिसेल ते वाचायची तिला गोडी लागली होती. ती म्हणाली, "अरे, तो लाल दिवा कसला? त्यात काहीतरी काढलंय. गोल आहे, आणि गोलात उद्गारचिन्ह आहे."

मुलगा म्हणाला, "तो तसाच लागतो गं. महिना झाला. थोडं ऑइल टाकलं की जातो. दोनदा टाकलं मी."

"दोनदा टाकलंस? मग पहिल्या वेळचं ऑइल गेलं कुठं?"

मुलगा काही बोलला नाही. थोड्या वेळाने आई म्हणाली, "चुलीवरच्या भांड्यातलं पाणी कमी झालं तर वाफ झाली म्हणता येईल. तुझ्या गाडीतलं ऑइल काय पितं कोण?"

घोटी आली. घोटीच्या पुढे इगतपुरी, आणि इगतपुरीच्या पुढे कसारा घाट. जुनी माणसे त्याला थळ घाट म्हणतात. याच घाटातून १८६५ साली रेल्वे सुरू झाली. तिथे रेल्वेच्या रुळाला सदतीस फुटांमागे एक फूट इतका चढ आहे. म्हणून चढणाऱ्या गाडीला मागून जादा इंजिने लावून ढकलावे लागते. चढाचे तसेच उताराचे. रेल्वे असो की मोटार असो, त्या डोंगरावरून भरल्या गाडीने खाली उतरायचे म्हणजे ब्रेक शाबूत हवेत.

आई म्हणाली, "इथं दाखवल्याबिगर मी पुढं येत नाही. तू जा हवं तर. मी इथंच उतरते."

आता आईला रात्री रस्त्यावर सोडून कोण जाईल? मुलाने चरफडत गाडी एका गॅरेजसमोर उभी केली.

गॅरेजचे मिस्त्री म्हातारे होते. एसटीच्या वर्कशॉपात त्यांची तीस वर्षे गेली होती. त्यांनी आधी गाडीखाली डोके घातले नाही, की बॉनेट उघडले नाही. ते आत बसले आणि त्यांनी हँडब्रेकच्या दांडीला हात घातला.

"लाल दिव्याचं पहिलं कारण हे असतं," ते म्हणाले. "हँडब्रेक ओढलेला असला की हाच दिवा लागतो. काही गाड्यांत त्याला वेगळा दिवा असतो, गोलात इंग्रजी 'पी'. पुष्कळ लोक हँडब्रेक अर्धवट सोडतात आणि तशीच गाडी हाकतात. मागची चाकं तापतात, लायनर जळतात, डिझेल जास्त जातं. म्हणून दिवा दिसला की आधी दांडी पूर्ण खाली आहे का ते बघायचं. त्याला पैसे पडत नाहीत."

दांडी पूर्ण खाली होती. मिस्त्रींनी चावी बंद केली. मग पुन्हा फिरवली, पण इंजिन चालू केले नाही. समोरचे सगळे दिवे एकदम लागले. लाल, पिवळे, सगळे.

"हे काय झालं?" आईने विचारले.

"ही हजेरी आहे, ताई. शाळेत मास्तर हजेरी घेतात ना, तशी. चावी फिरवली की प्रत्येक दिव्यानं 'हजर' म्हणायचं आणि मग विझायचं. ब्रेकचा दिवा हँडब्रेक सोडल्यावर विझतो. जो दिवा हजेरीला लागतच नाही, तो मेलेला. त्याची भीती लागणाऱ्या दिव्यापेक्षा जास्त. कारण उद्या खरंच बिघाड झाला तरी तो सांगणार नाही. जुनी गाडी विकताना काही लोक हा दिवाच काढून टाकतात. घेणाऱ्याला वाटतं, गाडी झकास आहे."

वाचकहो, ही हजेरी रोज सकाळी घ्यावी. गाडी सुरू करण्याची घाई असते, म्हणून आपण चावी एका दमात फिरवतो. दोन क्षण थांबावे. दिवे बघावेत. मग इंजिन चालू करावे.

नंतर मिस्त्रींनी बॉनेट उघडले. ब्रेकच्या पायाच्या समोर, इंजिनाच्या खणात, एक पांढुरकी डबी होती. डबीवर दोन रेघा होत्या. वरच्या रेघेपाशी इंग्रजीत 'मॅक्स' लिहिलेले होते. खालच्या रेघेपाशी 'मिन' लिहिलेले होते. मॅक्स म्हणजे जास्तीत जास्त. मिन म्हणजे कमीत कमी. ऑइल या दोन रेघांच्या मध्ये हवे. बॅटरीच्या उजेडात पाहिले तर ऑइल मिनच्याही किंचित खाली होते.

"डबीत एक तरंगता बोंडूक असतो," मिस्त्री म्हणाले. "ऑइल खाली गेलं की तोही खाली जातो आणि दिवा लागतो. उताराला गाडीचं तोंड खाली होतं. डबीतलं ऑइल एका अंगाला कलतं. मग थोडं कमी असलं तरी दिवा लागतो. सपाटीला आलं की विझतो. वळणावर, जोरात ब्रेक मारल्यावर, असाच लुकलुकतो. लोकांना वाटतं वायर ढिली आहे. वायर ढिली असू शकते, नाही असं नाही. पण वायरवर संशय शेवटी घ्यायचा. ऑइलवर आधी."

मुलगा म्हणाला, "काका, मग टाका ना थोडं ऑइल. मला पहाटेच्या आत वाशी गाठायचीय. माझ्याकडं डबा आहे."

त्याने सीटखालून एक डबा काढला. मिस्त्रींनी तो हातात घेतला. झाकण सैल होते.

"हा कधी उघडलास?"

"मागच्या दिवाळीला."

मिस्त्रींनी डबा बाजूला ठेवला. ते म्हणाले, "ब्रेक ऑइल आणि मीठ, दोघांचा स्वभाव एक. उघडं राहिलं की हवेतली ओल ओढून घेतात. ओलं मीठ तुला दिसतं. ओलं ऑइल दिसत नाही."

इथे थोडे थांबून ब्रेक कसा लागतो ते समजून घेऊ. रंगपंचमीच्या दोन पिचकाऱ्या घ्या. दोन्हींची तोंडे एका नळीने जोडा. आत पाणी भरा. एकीचा दट्ट्या दाबला की दुसरीचा दट्ट्या बाहेर येतो. मोटारीचा ब्रेक असाच आहे. पायाखाली एक मोठी पिचकारी असते. तिला मास्टर सिलिंडर म्हणतात. चारही चाकांपाशी लहान पिचकाऱ्या असतात. मध्ये नळ्या. नळ्यांत पाण्याऐवजी ब्रेक ऑइल. पाय दाबला की ऑइल दाबले जाते. चाकापाशी दट्ट्या बाहेर सरकतो आणि पॅड किंवा लायनर चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडावर घट्ट बसतो. चाक थांबते.

आता त्या पिचकारीत पाण्याबरोबर हवेचा बुडबुडा राहिला तर काय होईल? तुम्ही दट्ट्या दाबाल, पण आधी बुडबुडाच दबेल. पलीकडचा दट्ट्या हलणार नाही, किंवा थोडाच हलेल. ऑइलमध्ये ओल गेली की हेच होते. घाटात ब्रेक तापतात. ताप ऑइलपर्यंत जातो. 'डॉट ४' या जातीचे नवे ऑइल २३० अंशांच्या खाली उकळत नाही. ओल प्यालेले तेच ऑइल १५५ अंशांच्या आसपासही उकळू शकते. 'डॉट ३' जातीचे नवे ऑइल २०५ अंशांना तग धरते, ओल प्यालेले १४० पर्यंत उतरते. ऑइल उकळले की वाफेचे बुडबुडे होतात. पाय थेट खाली जातो. गाडी मात्र चालतच राहते.

म्हणून ब्रेक ऑइलचा डबा लहान घ्यावा. उघडला की लागेल तेवढे वापरावे. सैल झाकणाचा, महिनोन् महिने पडलेला डबा गाडीत ओतू नये. डब्यावर इंग्रजीत डी, ओ, टी ही तीन अक्षरे आणि पुढे आकडा असतो. तोच आकडा गाडीच्या डबीच्या झाकणावर लिहिलेला असतो. दोन्ही जुळवून पाहावे. ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांनीही एवढी तीन अक्षरे आणि एक आकडा ओळखायला शिकावे. अडीनडीला इंजिन ऑइल, डिझेल, रॉकेल यांतले काही त्या डबीत टाकू नका. त्याने आतली रबरे फुगतात. मग सगळी ब्रेकची यंत्रणा उतरवून बदलावी लागते. पाणी तर शंभर अंशांनाच उकळते. आणखी एक. ब्रेक ऑइल गाडीच्या रंगावर सांडले तर रंग सोलून निघतो. लगेच पाण्याने धुवावे.

मिस्त्री आता आत बसले. इंजिन चालू करून त्यांनी ब्रेक दाबला आणि पाय तसाच दाबून धरला. मनात तीसपर्यंत आकडे मोजले. पाय हळूहळू खाली चालला होता.

"बघ," ते मुलाला म्हणाले, "दाबून धरला तर ब्रेक जागच्या जागी राहायला हवा. खाली जात असेल तर दाब कुठून तरी निसटतोय. बाहेर गळत असेल, नाहीतर मास्टर सिलिंडरच्या आतलं रबर गेलं असेल."

मुलाने विचारले, "काका, इंजिन चालू करताना पाय थोडा खाली जातो. तोही बिघाड का?"

"छे. तो चांगला. बंद गाडीत चार-पाच वेळा ब्रेक दाबलास की पाय कडक होतो. मग पाय ठेवून इंजिन चालू केलंस तर तो जरा खाली बसला पाहिजे. म्हणजे बूस्टर काम करतोय. बूस्टर म्हणजे तुझ्या पायाला जोर देणारी वस्तू. ती इंजिन चालू असेल तेव्हाच जोर देते. म्हणून उताराला इंजिन बंद करून डिझेल वाचवणारे शहाणे असतात ना, ते बूस्टरही बंद करतात. एक-दोनदा ब्रेक लागतो. पुढं पाय दगडासारखा होतो."

मिस्त्री बॅटरी घेऊन खाली वाकले. प्रत्येक चाकाच्या आतल्या अंगावर उजेड टाकू लागले. पुढची दोन्ही चाके कोरडी. मागचे उजवे कोरडे. मागच्या डाव्या चाकाच्या आतून मात्र ओल उतरली होती. टायरच्या कडेवर धूळ बसून काळी चिकट रेघ झाली होती. मिस्त्रींनी बोट लावले आणि ते मुलापुढे धरले.

"तुझं ऑइल इथं गेलं."

मुलगा त्या बोटाकडे बघत राहिला.

डबीतले ऑइल दोन वाटांनी कमी होते. एक वाट गळतीची. दुसरी वाट झिजेची. पॅड झिजले की चाकापाशी दट्ट्या जास्त बाहेर येतो. त्याच्या मागे जागा होते. ती जागा ऑइल भरून काढते. म्हणून डबीत पातळी उतरते. बाहेर थेंबही दिसत नाही. अशा वेळी डबी भरून टाकली तर दिवा विझतो, आणि पॅड झिजले आहेत हे सांगणारा राहत नाही. पॅड पुरते झिजून लोखंडाला लोखंड घासू लागले की किंचाळल्यासारखा आवाज येतो. पण त्याची वाट कशाला पाहायची? ऑइल टाकण्यात चूक नाही. कारण न शोधता टाकणे, ही चूक. माझ्या मते लाल दिव्याने जेवढ्या गाड्या वाचवल्या असतील, त्यांतल्या किती तरी गाड्यांच्या मालकांनी आधी दोन-तीनदा असेच ऑइल ओतलेले असेल.

चाक खोलले. आतली व्हील सिलिंडर, म्हणजे ती लहान पिचकारी, गळत होती. ती वस्तू केवढी? मुठीत मावेल एवढी. तिचे रबर कडक होऊन चिरले होते. लायनर ऑइलने भिजून चिकट झाले होते.

मुलगा म्हणाला, "लायनर पेट्रोलनं धुऊन लावा की."

"नाही लावायचे. ऑइल आतपर्यंत मुरलेलं असतं. तापलं की पुन्हा वर येतं. मग एका बाजूचा ब्रेक धरतो, दुसऱ्या बाजूचा धरत नाही. गाडी एका अंगाला ओढते. घाटात एका अंगाला काय असतं ते तुला माहीत आहे. लायनर बदलायचे, आणि दोन्ही चाकांचे बदलायचे."

सामान आणायला मिस्त्रींनी आपल्या नातवाला दुकानदाराच्या घरी पाठवले. रात्रीचे साडेदहा वाजले होते. मुलगा सारखा घड्याळाकडे बघत होता. आईने फडक्यातली भाकरी काढली.

तेवढ्यात एक मोठा ट्रक येऊन थांबला. त्यात पोंगा वाजत होता. ट्रकवाला म्हणाला, "मिस्त्री, हवा टिकत नाही."

मिस्त्री आईला म्हणाले, "ताई, याच्या गाडीत ऑइल नाही. मोठ्या ट्रकचे आणि एसटीचे ब्रेक हवेवर चालतात. टाक्यांत हवा भरलेली असते. ती कमी झाली की लाल दिवा लागतो आणि हा पोंगा ओरडतो. सकाळी गाडी सुरू केल्यावर पोंगा बंद होईपर्यंत, दिवा जाईपर्यंत गाडी हलवायची नाही. हवा फारच उतरली तर मागच्या चाकांच्या स्प्रिंगा आपोआप ब्रेक लावतात. ते चांगलंच. पण धावत्या गाडीत भलत्या जागी लागले तर तेही संकट." मग ते ट्रकवाल्याकडे वळले. "टाकीतलं पाणी सोडतोस का रोज?" ट्रकवाल्याने मान खाली घातली. हवेबरोबर ओल येते, तिचे टाकीत पाणी साठते. ते तळच्या खुंटीतून सोडावे लागते.

आईने विचारले, "आणि भाऊ, ते पिवळे दिवे?"

"रंग लक्षात ठेवा. लाल म्हणजे थांब. पिवळा म्हणजे सावध. नव्या गाड्यांत इंग्रजी 'एबीएस' अशी तीन अक्षरं पिवळ्या रंगात असतात. एबीएस म्हणजे जोराचा ब्रेक लागला तरी चाक जाम होऊ न देणारी युक्ती. नुसता तो दिवा राहिला तर साधा ब्रेक लागतो, पण ओल्या रस्त्यावर चाक घसरू शकतं. हळू जायचं आणि दाखवून घ्यायचं. पण पिवळा एबीएस आणि लाल ब्रेक दोन्ही एकदम लागले, तर गाडी बाजूला घ्यायची. मग मागची चाकं आधी जाम होऊन गाडी फिरायची भीती असते. काही गाड्यांत आणखी एक पिवळा असतो. गोल, आणि दोन्ही अंगांना तुटक रेघा. तो पॅड झिजल्याचा."

१२५ सीसीहून मोठ्या नव्या मोटारसायकलींना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचे आहे. त्यामुळे हा पिवळा दिवा आता खेडोपाडीही दिसतो. मोटारसायकलीचा एबीएस दिवा बहुधा उभ्या गाडीवर विझत नाही. गाडी थोडी पळाली की विझतो. त्याला बिघाड समजू नये. पळूनही राहिला तर बिघाड.

सामान आले. सिलिंडर बसली, लायनर बसले. आता उरले ते हवा काढायचे काम. मिस्त्रींनी डबीतले जुने ऑइल काढले आणि नवा सीलबंद डबा फोडला. चाकापाशी एक लहान निप्पल असते. तिला पारदर्शक नळी लावली आणि नळीचे दुसरे टोक एका बाटलीत थोड्या ऑइलमध्ये बुडवले. मुलाला आत बसवले.

"दाब. सोड. दाब. सोड. दाब आणि धर."

मुलाने पाय धरला. मिस्त्रींनी पान्याने निप्पल सैल केली. नळीतून काळपट ऑइल आले. त्यात बुडबुडे होते. निप्पल आवळली. "आता सोड." निप्पल आवळण्याआधी पाय सोडला तर हवा उलट आत जाते. म्हणून दोघांनी एकमेकांचे ऐकूनच हे काम करायचे. आई डबीपाशी बॅटरी घेऊन उभी होती. ऑइल मिनच्या रेघेकडे आले की ती सांगत होती, "टाका." ती रेघ तिने रात्रभरात चांगली पाठ केली होती.

सगळ्यांत लांबच्या चाकापासून सुरुवात करून चारही चाकांचे ऑइल असे काढले. नळीतून स्वच्छ ऑइल आले, बुडबुडा राहिला नाही. मिस्त्रींनी पुन्हा पाय दाबून तीसपर्यंत मोजले. पाय हलला नाही. त्यांनी गाडी आवारात हळू चालवून दोनदा थांबवून पाहिली. मगच जॅकचे सामान आवरले.

रात्रीचा एक वाजला होता.

निघताना मिस्त्री मुलाला म्हणाले, "लायनर नवे आहेत. नव्या लायनरला चाकाशी जमायला थोडा वेळ लागतो. आज घाटात घाई नको. ज्या गिअरनं तू हा घाट चढशील, त्याच गिअरनं उतर. इंजिनाला गाडी धरू दे. ब्रेक सारखा दाबून ठेवायचा नाही. दाबायचा, वेग उतरला की सोडायचा. न्यूट्रलमध्ये तर टाकूच नको."

"आणि काका, ब्रेक गेलाच तर?"

"पाय भराभर मार. एखाद वेळी दाब पुन्हा धरतो. ब्रेकच्या नळ्यांचे दोन भाग असतात. एक गेला तरी दुसरा थोडा धरतो, पण पाय खोल जातो आणि गाडी थांबायला जास्त रस्ता लागतो. एक एक गिअर खाली आण. हँडब्रेक हळूहळू ओढ, एकदम नाही, नाहीतर मागची चाकं जाम होऊन गाडी घसरेल. चावी काढू नको. चावी काढलीस तर स्टिअरिंग अडकेल. हॉर्न वाजव, दिवे लाव, आणि डोंगराच्या अंगाला राहा. दरीच्या अंगाला नाही."

इगतपुरी मागे पडली. घाट सुरू झाला. मुलाने गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली. मागून एका गाडीने हॉर्न वाजवून वाजवून वाट मागितली. त्याने वाट दिली. आईची नजर स्टिअरिंगमागे होती. वळणामागून वळण गेले. दिवा लागला नाही.

खाली कसाऱ्याला चहासाठी गाडी थांबली. मुलगा उतरून चाकांपाशी गेला. चाक तापलेले असेल तर हात भाजतो, म्हणून त्याने हात न लावता नुसता जवळ धरून पाहिला. चारही चाकांची ऊब सारखी होती. एखादेच चाक जास्त तापले, तर तिथला ब्रेक अडकून बसला असे समजावे.

आईला कल्याणला सोडून तो वाशीला पोचला तेव्हा चांगलेच उजाडले होते. पहाटेचा भाव हुकला. गॅरेजचा खर्च आणि हा तोटा मिळून त्या खेपेत त्याच्या हाती फारसे उरले नाही. हे त्याने संध्याकाळी फोनवर आईला सांगितले. आई म्हणाली, "परत घाट चढायचाय ना? चावी फिरवलीस की दिवा लागतो का ते बघ. आणि विझतो का तेही बघ."

पुढच्या वर्गाला ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी ती वर्गासमोर उभी करावी. मोटारसायकल असो, रिक्षा असो, टेम्पो असो. चावी फिरवावी, इंजिन चालू करू नये. वर्गातल्या प्रत्येकाने एक एक दिवा वाचावा. रंग सांगावा, आत काय काढले आहे ते सांगावे, आणि विझला की नाही ते सांगावे. ज्या गाडीला डबी आहे, तिच्या मिन आणि मॅक्स या रेघा शोधून फळ्यावर लिहाव्यात. डबीच्या झाकणावरचा डॉटचा आकडाही लिहावा. एखाद्या गाडीचा ब्रेकचा दिवा लागलाच नाही, तर तिच्या मालकाने उद्या कामावर जाण्याआधी गॅरेज गाठावे.